आभार मानायला आलेली माय

तो दिवस आठवला की निवृत्तीनंतरही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. बायको म्हणते, "झालं, निघाली यांची गाडी अकोल्याला." नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीतले बंदोबस्त केले, पण आठवताना छाती अजूनही धडधडते असा तपास हा एकच. यातली बहुतेक माणसे आजही आपापल्या जागी आहेत, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

मी तेव्हा अमरावती शहरात एका ठाण्याचा ठाणेदार होतो. राजापेठेला लागूनच आमची हद्द. शिकवणी वर्गांचे बोर्ड आणि त्यांच्याखाली दाटीने लावलेल्या दुचाक्या एवढ्या, की सकाळची पहिली तक्रार हमखास गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणाची असायची. त्या दिवशीही असेच दोन तरुण समोर उभे होते. त्यांना समज देत होतो तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एक बाई ठाम आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही स्वतः या. लगेच. पोरींचा प्रश्न आहे."

आवाज ओळखीचा होता. आमच्या हद्दीत एक श्रीमंत जोडपे राहत असे; सगळे त्यांना साहेब आणि मॅडम म्हणत. दोघेही साठीच्या पुढचे. साहेबांनी बियाण्यांचा मोठा धंदा उभा केला आणि उतारवयात विकून टाकला. मॅडम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मिळालेल्या पैशातून दोघांनी स्वतःचे एक फाउंडेशन काढले होते. बंगल्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचे ऑफिस, कामाला चार माणसे. कोणाचे डायलिसिस, कोणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, खेड्यांत अभ्यासिका, हुशार मुलींच्या होस्टेलची फी, असे त्यांचे काम अमरावतीपासून मेळघाटाच्या पायथ्यापर्यंत चालायचे. साहेबांचा एक नियम होता: कुठे फोटो नाही, बॅनर नाही, पेपरात बातमी नाही. केलेल्या मदतीचा गाजावाजा त्यांना आवडत नसे. मला त्यांच्या या स्वभावाचे फार कौतुक वाटायचे.

मी एका महिला शिपायाला सोबत घेऊन बंगल्यावर पोहोचलो. ऑफिसात एक बाई बसली होती. चाळिशीची, शेतात मजुरी करून काळवंडलेले हात, अंगावर बाहेरगावी जायची ठेवणीतली साडी. पायाशी संत्र्यांची पिशवी. मला पाहताच ती उठून उभी राहिली.

"जय भीम, सायब. म्या काही केलं नाही."

"बसा माय. तुम्ही काही केलं नाही, मला माहीत आहे. काय झालं ते सांगा."

बाई अचलपूरहून एसटीने आली होती. तिची सतरा वर्षांची मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली. फाउंडेशनने नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड केली, राहणे-जेवणे फुकट, असे सांगून त्या दिवशी सकाळीच परतवाड्याहून मुलीला गाडीत बसवून नेले होते. सोबत आणखी पाच मुली होत्या. मुलगी नागपूरला गेली, आणि आई मालकांचे आभार मानायला अमरावतीला आली.

मॅडम मधेच म्हणाल्या, "साहेब, आम्ही यंदा नर्सिंगला एकही मुलगी पाठवलेली नाही. आमची तशी योजनाच नाही."

ती आई एकदा मॅडमकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग माही पोट्टी कोठी गेली?"

मुलीला न्यायला एक 'मॅडम' आली होती. गळ्यात फाउंडेशनचे ओळखपत्र, पांढऱ्या गाडीला फाउंडेशनच्या नावाचा मोठा बॅनर. महिनाभरापूर्वी राजापेठेतल्याच एका शिकवणीच्या हॉलमध्ये मुलींची लेखी परीक्षा आणि मुलाखतही झाली होती. इतके सगळे रीतसर, की संशय यायचा तरी कोणाला? निघताना मुलींचे मोबाईल शिस्तीच्या नावाखाली जमा करून घेतले होते. मी मुलीचा नंबर लावला. बंद.

अशा वेळी पहिला प्रश्न हद्दीचा निघतो. मुलगी नेली ग्रामीण हद्दीतून, परीक्षा झाली शहरात, आणि मुली आता आहेत कुठे ते माहीत नाही. मी ड्युटी अंमलदाराला फोनवरच सांगितले, "शून्य क्रमांकाने गुन्हा घे. मुलीचं वय अठराच्या आत आहे, अपहरणापासून सगळी कलमं लाव. हद्द नंतर पाहू."

मग त्या आईला एक साधा प्रश्न विचारला. "इथे आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी कोणाला भेटलात?"

"थ्या चष्मेवाल्या भाऊले." तिने दाराकडे बोट केले. "थे म्हने, मॅडम घरी नाही, संत्रे ठेव अन् जाय. म्या म्हटलं, मी बसते. थे म्हने, आज येनारच नाही. पन म्हटलं, एवढ्या दूरून आली, पाय धरल्याबिगर कशी जाऊ? पायरीवर बसून राहिली. मंग मॅडम वरून खाली आल्या."

दारात फाउंडेशनचा समन्वयक उभा होता. पस्तिशीचा, नीटनेटका, खेड्यापाड्यांत हिंडून गरजू घरे शोधणे हे त्याचे काम. मी आल्यापासून तोच सगळ्यांत जास्त धावपळ करत होता. मला पाणी दिले, पंखा लावला, "साहेब, नागपूरला आपली ओळख आहे, मी फोन लावू का?" असेही विचारले. मॅडम वरच्या मजल्यावर असताना त्या घरी नाहीत असे त्याने का सांगितले, एवढेच मला त्याच्याकडून जाणून घ्यायचे होते. त्याला म्हटले, "चला, ठाण्यात बसून बोलू."

एव्हाना साहेबही खाली आले होते; त्यांना ते आवडले नाही. "अहो, घरातला पोरगा आहे तो. किती वर्षांपासून आहे माझ्याकडे."

"म्हणूनच तर विचारायचंय," मी म्हणालो.

लोकांना वाटते, पोलिसांची चौकशी म्हणजे आरडाओरड आणि पट्टा. माझ्या अनुभवात घाईच्या तपासात मारहाणीचा काही उपयोग होत नाही. मार खाल्लेला माणूस वाटेल ते सांगतो, आणि वाटेल ते ऐकत बसायला आपल्याकडे वेळ नसतो. माणूस बोलत नसला तरी त्याचे हातपाय, गळा, डोळे काही गप्प बसत नाहीत. तिकडे लक्ष द्यावे.

मी त्याला समोर बसवले, चहा मागवला. त्याने कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. मॅडम वर आहेत हे माहीत नव्हते, म्हणाला. खोटी परीक्षा झाली हेही आत्ताच कळले, म्हणाला. घसा कोरडा पडलेला, कपाळावर घाम, आणि चहा तसाच.

मी त्याच्यादेखत वायरलेस उचलला आणि मोठ्याने सूचना दिल्या. नागपूर रस्त्यावर नाकाबंदी. प्रत्येक टोल नाक्यावर पांढरी गाडी थांबवा. नागपूर स्टेशनवर माणसे लावा. बोलता बोलता त्याच्याकडे पाहत होतो.

त्याने चहाचा घोट घेतला. मग दुसरा. खांदे सैल झाले, पाठ खुर्चीला टेकली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नागपूर नाही! नागपूरला जाळे टाकल्याचे ऐकून हा माणूस सुखावला होता. मग कुठे? परतवाड्याहून नागपूरकडे जायचे तर पूर्वेकडे निघावे लागते. उलट दिशेला निघाले तर अंजनगाव, अकोट, आणि पुढे अकोला. अकोल्याहून दक्षिणेकडे रेल्वे जाते.

मी वायरलेस ठेवला आणि सहज म्हणालो, "आणि हो, अकोल्यालाही कळवून ठेवतो."

कप ओठांपाशी थांबला. चहा त्याच्या शर्टावर सांडला.

मी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसलो. "हे बघ, सहा मुली आहेत. त्यातली एक तरी अठराच्या आतली आहे, हे मला माहीत आहे. त्यांना काही झालं तर तू आणि मी दोघंही जन्मभर हा दिवस विसरणार नाही. फरक एवढाच, की मी घरी बसून आठवेन आणि तू आत बसून. गाडी कोणती?"

तो रडायला लागला. ज्या घरांत मुलगी हुशार आहे पण कोणी प्रश्न विचारणारे नाही, अशी घरे त्याला फिरून फिरून पाठ झाली होती. ती त्याने त्या खोट्या मॅडमला सांगितली. बाहेरच्या राज्यात घरकामाच्या नोकऱ्या लागतात असे तिने त्याला सांगितले होते, म्हणाला. पुढे काय होते ते त्याने विचारले नव्हते. दिवाळीच्या आधी एक तुकडी अशीच गेली होती. आणि आजची रेल्वे अकोल्याहून संध्याकाळी सुटणार होती.

घड्याळाकडे पाहिले आणि बाहेर धावलो. साहेब, मॅडम आणि ती आई आमच्या मागोमाग ठाण्यात येऊन बाकावर बसली होती.

आमच्या बोलेरोत पुढे चालक आणि मी. मागे साहेब, मॅडम आणि ती आई. सगळ्यात मागे महिला शिपाई. मॅडमना मी नको म्हटले होते. त्या म्हणाल्या, "नाव आमचं आहे. आम्ही येणार." बडनेरा मागे पडले. चालकाने सायरन लावला आणि गाडी अशी काढली की साहेबांनी डोळे मिटून घेतले. ती आई मात्र डोळे उघडे ठेवून समोरचा रस्ता गिळत होती. मी अकोल्याच्या रेल्वे पोलिसांना फोन लावला. तिथले उपनिरीक्षक तरुण होते, हुशार होते. पाच मिनिटांत त्यांचा उलट फोन आला. आवाज पडलेला.

"सर, तो ग्रुप दुपारीच आलाय स्टेशनवर. आमच्याच एका हवालदाराने त्यांना सावलीत जागा करून दिली."

"काय?"

"बाईच्या गळ्यातलं कार्ड पाहिलं त्याने. त्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन याच फाउंडेशनने केलंय. त्याने बाईला नमस्कार केला सर, मुलींना पाणी आणून दिलं. आता बॅनरवाली गाडी दिसत नाही, कार्डही काढलं असेल, त्यांनी जागाही बदललीय. चेहरा पाहिलेला तो एकटा हवालदार शोधतोय, पण प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नाही. लग्नसराई आहे, प्रत्येक दुसऱ्या बाईसोबत चार मुली आहेत. बाकीच्यांनी ओळखायचं कसं?"

मी हे गाडीत सगळ्यांना सांगितले.  आजवर साहेबांनी आणि मॅडमनी कमावलेला विश्वास त्या बाईने चोरून गळ्यात अडकवला होता आणि पोलिसांनीच तिला सलाम ठोकला होता.

मूर्तिजापूर गेले. पुढे बोरगाव मंजूच्या अलीकडे कापसाचा ट्रक आडवा झालेला. दोन्ही बाजूंना वाहनांची रांग. चालकाने गाडी रस्त्याखाली उतरवली, शेताच्या बांधावरून उड्या मारत पुढे काढली, पण तिथेच कळून चुकले की आपण वेळेवर पोहोचत नाही. तेवढ्यात उपनिरीक्षकांचा फोन: "सर, गाडी प्लॅटफॉर्मला लागतेय."

मी म्हणालो, "अनाउन्समेंटच्या खोलीत जा. आत्ताच्या आत्ता. फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर धरा. बाकी मी पाहतो." मग मागे वळून मॅडमना म्हणालो, "मॅडम, तुम्ही बोला. सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल."

साहेब घाबरले. "थांबा, थांबा. सगळ्या स्टेशनवर? आपल्या नावाने मुली पळवल्या म्हणून? अहो, उद्या कोणी आपल्या दारात येणार नाही. ज्यांचं डायलिसिस चालू आहे ती माणसंही घाबरतील."

मॅडम चिडल्या की कॉलेजातली भाषा सुटायची आणि माहेरची वऱ्हाडी बाहेर यायची. "काहून घाबरून राहिले तुमी? नाव वाचवून करता काय, पोट्ट्याच नाही वाचल्या तं? द्या थो फोन इकडे!"

फोन त्यांनी माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. पलीकडून माइकची खरखर ऐकू आली, आणि मॅडम बोलू लागल्या तसा त्यांचाच आवाज लांबून घुमत परत आला.

"परतवाड्याहून नर्सिंगसाठी आलेल्या मुलींनो, मी फाउंडेशनची मॅडम बोलते. खरी. तुम्हाला घेऊन आलेली बाई आमची नाही. आम्ही तुम्हाला बोलावलेलंच नाही. तिच्यासोबत गाडीत बसू नका. बसल्या असाल तर उतरा. पोलीस तिथेच आहेत."

त्यांनी दोनदा सांगितले. मग काय वाटले कोण जाणे, फोन शेजारी बसलेल्या आईच्या हातात दिला. "माय, तुमी बोला. माझा आवाज ती ओळखत नाही."

त्या बाईने फोन तोंडासमोर दोन्ही हातांनी धरला. मुलीला घरच्या लाडक्या नावाने हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही, पण तिने ते असे ओढून म्हटले की शेतात दूरवर गेलेल्या माणसालाही ऐकू जावे.

"अवं, म्या बोलून राहिली! तुही माय! उतर खाली, बाई, उतर! साऱ्याइले घेऊन उतर! थे बाई खोटी हाये! मी येऊन राहिली, उतर!"

पुढचे आम्हाला दिसत नव्हते. फोनवर गोंगाट, शिट्टी, कोणीतरी ओरडत होते. 

काय घडले ते नंतर कळले. सहाही मुली डब्यात बसलेल्या होत्या. मॅडमचा आवाज घुमला तेव्हा ती खोटी बाई हसून म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं तरी चाललंय." मुलींनी मानलेही. मग आईची हाक आली. मुलगी जागेवरून उठली. बाईने तिचे मनगट धरले. मुलीने ते तिच्या हाताला चावून सोडवून घेतले आणि दाराकडे धावली. एवढ्यात गाडी हलली. मागच्या मुलींपैकी चिखलदऱ्याकडची एक शांत पोरगी, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, बाकावर चढली आणि तिने साखळी ओढली. गाडी कचकन थांबली. रेल्वेच्या महिला पोलीस डब्यात चढल्या तेव्हा ती बाई पलीकडच्या दाराने रुळांवर उतरत होती. ज्या हवालदाराने दुपारी तिला नमस्कार केला होता, तोच त्या बाजूला उभा होता. त्याने तिला धरले.

फोनवर उपनिरीक्षक अक्षरशः ओरडले, "सर! सहाही! सहाही मिळाल्या!"

आमचा चालक गाडी चालवता चालवता हॉर्नवर हात ठेवून बसला. मी त्याला ओरडलो नाही. मागे मॅडम आणि ती आई एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि साहेब चष्मा काढून रुमाल शोधत होते.

पुढचा तपास मोठा होता. बनावट कार्डे छापणारा, गाडीचा मालक, परराज्यातला एजंट, सगळे एकेक करून हाती लागले. आमचे पथक तिकडे जाऊन दिवाळीआधीच्या तुकडीतल्या मुलींना घेऊन आले. कुलूप लावलेल्या घरांत त्या राबत होत्या. त्यांच्या जबाबांवर खटला उभा राहिला आणि शिक्षाही झाली.

अकोल्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः ठाण्यात आले. म्हणाले, "पत्रकारांना बोलवा. मीच सांगतो." आयुष्यभर पेपरापासून लांब राहिलेला तो माणूस सगळ्यांसमोर बसला आणि आपल्या फाउंडेशनचे नाव कसे वापरले गेले ते त्याने न लपवता सांगितले. नंतर मला एकटे गाठून म्हणाले, "साहेब, आम्ही काय देतो हे कधी बोललोच नाही. म्हणून आमच्या नावाने कोणीही काहीही बोलू शकलं." त्या दिवसापासून गावोगावी ते स्वतः जाऊन काय मिळते, काय मिळत नाही आणि खात्री कुठे करायची ते सांगू लागले. त्यांना भीती होती तसे काही झाले नाही; एकही माणूस त्यांच्या दारातून दूर गेला नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो प्रसंग काही आठवड्यांनंतरचा. नर्सिंगची योजना खरोखरच सुरू करायचे त्या दोघांनी ठरवले होते. पहिली मुलगी अर्थातच तीच. मला मुद्दाम बोलावले. मला वाटले, आई हात जोडेल, मुलगी पाया पडेल, आपण टाळ्या वाजवू. मुलगी आईसोबत आली, खुर्चीवर ताठ बसली आणि साहेबांच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "आधी मले काही विचारायचं हाये."

आई कावरीबावरी झाली. "अवं, असं विचारते का कोनी देनाऱ्याले?"

"विचारू द्या," मॅडम म्हणाल्या.

"कॉलेज कोठी हाये? आमी आधी जाऊन पाहू शकतो का? फोन माह्याजवळ राहील का? मधेच सोडलं तं पैसे मांगसान का? होस्टेलवर कोनी वाईट वागलं तं तुमच्यापैकी कोनाले सांगायचं, अन् थ्यानं नाही ऐकलं तं मंग कोनाले?"

एकामागून एक प्रश्न. आणि ज्यांच्यासमोर मोठमोठे व्यापारी अदबीने उभे राहत, ते साहेब खुर्चीच्या टोकावर येऊन प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होते. शेवटच्या प्रश्नावर मात्र अडखळले. म्हणाले, "हे मला माहीत नाही. विचारून सांगतो." मुलगी म्हणाली, "बरं. मंग थे कळलं का मी हो म्हनते."

पोलीस खात्यात मी असंख्य चौकशा केल्या आणि पाहिल्या. इतकी सरळ, नेमकी आणि निडर चौकशी दुसरी पाहिली नाही. त्या प्रकरणाने मला एवढेच शिकवले: मदत घेणाऱ्याने मान खाली घालून गप्प बसावे अशी आपली अपेक्षा असते, आणि गुन्हेगार नेमकी त्या गप्प बसण्याचीच वाट पाहत असतो. देणारा सज्जन असेल तर प्रश्नांनी त्याचा अपमान होत नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी राहिलेले उत्तर मुलीला कळवले. मग ती हो म्हणाली.